पडद्यावरचे जग आणि घरातली मुले : एका जुन्या चिंतेचा इतिहास

सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेत मंडळाचा इतिहास यावा हे उचितच. तो या अंकात अन्यत्र आलेला आहे आणि आमच्याहून अधिकारी लेखणीतून आलेला आहे. संपादकांनी आमच्याकडे लेखाची मागणी केली तेव्हा आम्ही निराळ्या विषयाची मुभा मागून घेतली. कोजागिरीला, हळदीकुंकवाला, वार्षिक सभेनंतरच्या चहाच्या वेळी, कोठेही चार पालक एकत्र आले की हल्ली एकच विषय निघतो. मुले काय पाहतात, काय ऐकतात, आणि ते त्यांच्या वयाला साजेसे आहे काय? बोलणाऱ्याचा सूर असा असतो की, ही आपत्ती आपल्याच पिढीवर प्रथम कोसळली. वस्तुतः ही चिंता शंभर वर्षांहून जुनी आहे. तिच्यापायी कायदे झाले, समित्या बसल्या, खटले चालले, एका मराठी मंत्र्याने आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार केली आणि एका मराठी दिवाळी अंकातील कथा थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचली. तो इतिहास येथे सांगावा असा आमचा मानस आहे. सरकारी नोकरीत जुने कागद वाचण्याची सवय जडते. ती या निमित्ताने कारणी लागली.

आरंभ इंग्लंडातील एका निवाड्यापासून करावा लागतो. १८६८ साली हिक्लिन खटल्यात तेथील न्यायालयाने अश्लीलतेची कसोटी ठरवली ती अशी : ज्यांची मने अशा प्रभावाला सहज बळी पडतील त्यांच्या हाती हे लेखन गेले, तर ती मने बिघडण्याकडे या लेखनाची प्रवृत्ती आहे काय? आता सहज बळी पडणारी मने म्हणजे कोणाची, तर मुख्यतः कोवळ्या वयाची. म्हणजे लेखकाने लिहिले प्रौढांसाठी, विकत घेतले प्रौढांनी, पण मोजमाप झाले ते मुलाच्या मापाने. हीच कसोटी आपल्याकडे आली आणि भारतीय दंडसंहितेच्या कलम २९२ खालील खटल्यांत दीर्घकाळ वापरली गेली. कलम २९३ तर खास तरुणांसाठी होते; वीस वर्षांखालील व्यक्तीस अश्लील वस्तू विकणे वा दाखवणे हा त्याखाली स्वतंत्र गुन्हा होता.

या मापाचा जबर फटका मराठीत बसला तो रघुनाथ धोंडो कर्वे यांना. १९२७ च्या जुलैत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले आणि १९५३ साली मृत्यू येईपर्यंत ते चालवले. संततिनियमन, गुप्तरोग, लैंगिक जीवन या विषयांवर मराठीत, साध्या भाषेत, लाजलज्जेचे आढेवेढे न घेता लिहिणे हा त्यांचा अपराध. त्यांच्यावर खटले झाले. १९३४ सालच्या खटल्यात तर वाचकांनी विचारलेल्या शंकांना दिलेली उत्तरे हाच आरोपाचा विषय होता. त्यात त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. तरी दंड व्हायचा तो झालाच. कर्व्यांची सर्व मते आम्हांस पटतात असे नव्हे. परंतु मुलांच्या हाती घाणेरडे काही पडू नये म्हणून जे कुंपण घातले, त्यात शास्त्रीय ज्ञान अडकून पडले आणि घाणेरडे ते कुंपणाखालून खुशाल जात राहिले, ही गोष्ट नोंद करून ठेवण्यासारखी आहे. पुढे तिचा आपल्याला उपयोग व्हायचा आहे.

चित्रपटाचा कायदा झाला तो १९१८ साली. त्या वेळची फिल्म चटकन पेट घेणारी असे, त्यामुळे चित्रपटगृहाची सुरक्षितता आणि चित्रपटाची तपासणी अशी दोन्ही कामे एकाच कायद्याने उरकली. १९२० मध्ये मुंबई, कलकत्ता, मद्रास व रंगून येथे तपासणी मंडळे स्थापन झाली. चित्रपट सार्वजनिक प्रदर्शनास योग्य आहे किंवा नाही, एवढाच प्रश्न त्यांच्यापुढे असे. आठ वर्षांच्या मुलास योग्य आणि चाळीस वर्षांच्या गृहस्थास योग्य असा भेद त्यात नव्हता.

१९२७ साली दिवाणबहादूर टी. रंगाचारी यांच्या अध्यक्षतेखाली चित्रपट चौकशी समिती नेमली गेली. सरकारचा खरा रोख वेगळा होता. पाश्चात्त्य चित्रपटांतील गोऱ्या स्त्रियांचे वर्तन पाहून ‘नेटिवां’च्या मनातील साहेबाविषयीचा आदर उणावेल, ही धास्ती, आणि अमेरिकन चित्रपटांऐवजी साम्राज्यातील चित्रपट खपावेत ही इच्छा. पण चौकशी देशभर झाली आणि तीत मुलांचा प्रश्नही निघाला. समितीपुढे साक्ष देणाऱ्यांत दादासाहेब फाळके होते. महात्मा गांधींनी, आपण सिनेमाला कधी गेलो नाही, परंतु त्याने केलेले नुकसान बाहेरच्या माणसालाही उघड दिसते, अशा आशयाचे उत्तर धाडले. १९२८ साली अहवाल आला. तो आजही वाचनीय आहे. परंतु सरकारच्या मनासारखा नसल्याने बव्हंशी फडताळातच राहिला. अहवालांच्या या नशिबाविषयी आमच्यासारख्याने अधिक न लिहिणे बरे.

मुलांसाठी निराळी व्यवस्था झाली ती स्वातंत्र्यानंतर. १९४९ च्या दुरुस्तीने ‘यू’ आणि ‘ए’ अशी दोन प्रमाणपत्रे आली. ‘ए’ म्हणजे अठरा वर्षे पूर्ण झालेल्यांसाठीच. १९५१ मध्ये केंद्रीय मंडळ स्थापन झाले आणि १९५२ च्या कायद्याने सारी घडी बसवली. ही व्यवस्था कागदावर सुटसुटीत होती. तिचा सारा भार मात्र एका माणसावर होता. तो म्हणजे चित्रपटगृहाच्या दारात तिकिटे फाडणारा डोअरकीपर. पडदा एक, दार एक, तिकीट एक. मूल आत जायचे तर त्याच्या समोरूनच जाणार. तो मिसरूड पाहून वय ठरवी आणि चुकतही असे; चार आण्यांनी त्याची दृष्टी अधू होई हेही खोटे नाही. तथापि शिक्षक, शेजारी, वडिलांच्या कचेरीतील कोणी तरी त्या दारात भेटेल ही भीती मुलाच्या मनात असे, आणि खरा पहारा तिचाच होता.

तरीही आयांचे समाधान झाले नव्हते. १९५४ साली दिल्लीतील तेरा हजार स्त्रियांनी सह्या करून पंतप्रधान नेहरूंकडे अर्ज दिला. सिनेमामुळे मुले शाळा बुडवतात, अकाली नको त्या गोष्टींकडे वळतात, उनाड होतात. या दुष्परिणामास सरकारने आळा घालावा, अशी त्यांची मागणी होती. त्याच वर्षी राज्यसभेत श्रीमती लीलावती मुनशी यांनी अनिष्ट चित्रपटांना प्रतिबंध करण्याविषयी ठराव मांडला. या स्त्रियांना सोवळ्या ठरवून त्या काळी पुष्कळ थट्टा झाली आणि आजही चित्रपटाच्या इतिहासकारांच्या लेखी त्यांचा उल्लेख किंचित हसूनच होतो. आम्हांस ते हसू रुचत नाही. फाळणीनंतर दुपटीतिपटीने फुगलेले हे शहर. घर नवे, शेजार नवा, गल्लीतील चार म्हातारी माणसे ओळखीची नाहीत आणि कोपऱ्यावर चित्रपटगृह. अशा ठिकाणी मुलगा संध्याकाळी कोठे जातो हे आईला कसे कळावे? तेरा हजार सह्यांमागे किती घरे पंजाबातून आलेली आणि किती बदलीच्या नोकरीमुळे आलेली, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. परंतु परगावी संसार मांडणाऱ्या आपल्यासारख्यांना तो अर्ज परका वाटू नये.

योगायोग असा की, त्याच १९५४ साली दिल्लीत चित्रपटांना राष्ट्रीय पारितोषिके देण्याची प्रथा सुरू झाली आणि राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले ते आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ या मराठी चित्रपटाला. एकाच शहरात, एकाच वर्षी, आया सिनेमाविरुद्ध सह्या गोळा करीत होत्या आणि सरकार एका आईवरच्या सिनेमाचा गौरव करीत होते.

सरकारने या मागणीवर काय केले? तीन गोष्टी झाल्या, आणि तिन्ही उद्बोधक आहेत. त्यांतील पहिली तर अर्जाच्या आधीच सुरू झालेली होती. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणी मंत्री झाले. पुण्याचे, पॅरिसला शिकलेले, शास्त्रीय संगीताचे जाणकार. चित्रपटगीते हिणकस, उथळ आणि उसन्या चालींची आहेत, ती तरुण पिढीची अभिरुची नासवतात, अशी त्यांची ठाम धारणा. आकाशवाणीवर चित्रपटगीतांना कात्री लागली. निर्मात्यांशी वाद होऊन ती जवळजवळ बंदच झाली. अभिरुचीसाठी त्यांनी जे केले त्याचे ऋण मोठे आहे. संगीताचे राष्ट्रीय कार्यक्रम, गुणी कलावंतांना मिळालेला आश्रय हे सारे त्यांच्याच कारकिर्दीतले. परंतु गाण्यांचे काय झाले? ती समुद्र ओलांडून गेली. १९५२ च्या अखेरीस रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि दर बुधवारी रात्री सारा देश कोलंबोकडे कान लावून बसू लागला. ज्या मुलांचे कान वाचवायचे, ती मुले परदेशी केंद्र लावण्यात थोरांहून तरबेज निघाली. १९५७ च्या ऑक्टोबरात ‘विविध भारती’ सुरू करून सरकारने ती गाणी घरी परत आणली. एक खिडकी लावली तर दुसरी उघडते, हा अनुभव सरकारी दप्तरी तेव्हाच जमा झालेला आहे.

दुसरी गोष्ट १९५६ चा अल्पवयीनांसाठी घातक प्रकाशनांचा कायदा. अमेरिकेतील भुताखेतांच्या व खूनखराब्याच्या चित्रकथा इंग्लंडात पोहोचल्या. तेथे १९५५ मध्ये कायदा झाला. पाठोपाठ आपल्याकडेही झाला. वीस वर्षांखालील व्यक्तीच्या हाती गुन्हे, हिंसा, क्रौर्य यांचे चित्रण करून मन बिघडवील असे प्रकाशन पडू नये हा हेतू. म्हणजे आपल्या देशात चित्रपट पाहण्यास मनुष्य अठराव्या वर्षी प्रौढ झाला आणि चित्रकथा वाचण्यास विसाव्या. त्या काळी आपली बहुतेक मराठी मुले ‘चांदोबा’ वाचीत होती. त्यात वेताळ होता, राक्षस होते, मुंडकीही उडत. पण त्या कथांनी कोणी बिघडल्याचे ऐकिवात नाही.

तिसरी गोष्ट आमच्या मते सर्वांत मोलाची, आणि तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष गेले. १९५५ च्या मे महिन्यात बाल चित्रपट संस्थेची स्थापना झाली. पंडित हृदयनाथ कुंझरू अध्यक्ष झाले. केदार शर्मांचा ‘जलदीप’ हा तिचा पहिला चित्रपट. १९५७ मध्ये व्हेनिसला त्याचा गौरव झाला. पुढे सई परांजपे यांनी याच संस्थेसाठी ‘जादू का शंख’ आणि ‘सिकंदर’ हे चित्रपट केले. मुलांना काय दाखवू नये हे ठरवण्यास शेकडो माणसे बसली होती. मुलांना काय दाखवावे याचा विचार करणारी ही एक संस्था. चित्रपट तयार होत, पारितोषिके मिळवीत आणि डब्यात पडून राहत, कारण ते नियमाने लावण्यास चित्रपटगृहे राजी नसत. मराठी रंगभूमीने याच सुमारास हे काम अधिक उत्साहाने हाती घेतले. १९५९ साली सुधा करमरकरांनी ‘लिटल थिएटर’ सुरू केले, १९६२ मध्ये रत्नाकर मतकरींची ‘बालनाट्य’ संस्था आली. आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवात मुले ज्या चेटकिणी आणि राजकन्या रंगवीत आली, त्यांचे कूळ तेथलेच.

आता त्या दिवाळी अंकाकडे वळू. ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकर यांची ‘शामा’ ही कथा प्रसिद्ध झाली. एका सद्गृहस्थांनी ती अश्लील असल्याची फिर्याद केली. खालच्या न्यायालयाने निर्दोष सोडले, उच्च न्यायालयाने मात्र दोषी ठरवले आणि लेखक सर्वोच्च न्यायालयात गेले. २५ ऑगस्ट १९६९ रोजी निकाल लागला. काकोडकर निर्दोष सुटले. न्यायमूर्तींनी जे म्हटले त्याचा सारांश असा : कुमारवयीनांचा लैंगिक विषयाशी संबंधच येऊ नये आणि असा उल्लेख वाचताच ते बिघडतील, असे धरून चालल्यास लेखकांना केवळ कुमारांसाठीच लिहावे लागेल, प्रौढांसाठी लिहिताच येणार नाही. हिक्लिनच्या मापाला दिलेला हा एक मोठा धक्का होता आणि तो एका लोकप्रिय मराठी कथेच्या निमित्ताने दिला गेला. (ते माप सर्वोच्च न्यायालयाने स्पष्टपणे टाकून दिले ते पुढे २०१४ मध्ये.) गंमत अशी की, त्याच १९६९ च्या डिसेंबरात काकोडकरांच्या ‘नीलांबरी’ कादंबरीवर बेतलेला ‘दो रास्ते’ झळकला. एकत्र कुटुंबाच्या त्या कथेवर घरोघरच्या आज्यांनी डोळे पुसले. ज्यांच्या लेखनाने मुले बिघडण्याचे भय होते, त्यांचीच ही कथा मुलांना शेजारी बसवून पाहिली गेली.

हा निकाल आम्हांस योग्य वाटतो. परंतु त्याने एक जागा मोकळी सोडली, आणि परमुलुखातील मराठी घराला ती विशेष जाणवते. टपालाने येणारा दिवाळी अंक हा आपल्याकडे घरातील सर्वांचा. आई पाककृती वाचते, वडील राजकारण, आणि मूल व्यंगचित्रांवरून कथांकडे सरकते. त्याच्या हाती येणारे ते वर्षातले पुष्कळदा एकमेव नवे मराठी छापील पान. लेखकाने मुलाच्या मापाने लिहू नये हे ठीक. मग ते पान मुलाच्या हाती गेल्यावर त्याला पडणाऱ्या प्रश्नांशी बोलायचे कोणी? न्यायालयाचे ते काम नव्हे.

पुढच्याच वर्षी, २४ सप्टेंबर १९७० रोजी, चित्रपटाविषयीचा निकाल आला. ख्वाजा अहमद अब्बास यांचा चार महानगरांवरचा लघुपट. श्रीमंती आणि दारिद्र्य शेजारी-शेजारी दाखवणारा. मुंबईतील वेश्यावस्तीच्या दृश्यांवरून मंडळाने त्याला ‘ए’ देऊ केले. अब्बास यांना सर्वांसाठी ‘यू’ हवे होते आणि मुळात पूर्वतपासणीच घटनाबाह्य आहे असे त्यांचे म्हणणे होते. निकाल देणारे सरन्यायाधीश एम. हिदायतुल्ला नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकलेले आणि नागपूर उच्च न्यायालयात नावारूपाला आलेले. त्यांनी तपासणी वैध ठरवली. चलच्चित्र मनाला जसे भिडते तसे अन्य माध्यम भिडत नाही, म्हणून मुलांचा व प्रौढांचा वर्ग वेगळा करणे रास्त, असे सांगितले. पण त्याबरोबर हेही बजावले की, दुबळ्यातल्या दुबळ्याच्या रक्षणासाठी निरोगी मनाच्या माणसाने काय पाहावे हे ठरू नये, आणि कामविषय म्हणजे अश्लीलता असे समीकरण मांडू नये. दोन वर्षांतील या दोन निवाड्यांनी प्रौढांचे जग आणि मुलांचे जग कायद्यात वेगळे केले. दाराचे महत्त्व त्यामुळे वाढले, आणि नेमके तेव्हापासून दार नाहीसे होऊ लागले.

आपले मंडळ १९७५ मध्ये स्थापन झाले. त्याच वर्षीच्या पंधरा ऑगस्टला ‘शोले’ लागला. हिंसाचाराविषयी तेव्हा सरकार कडक होते. ठाकूर गब्बरला ठार मारतो हा शेवट तपासणी मंडळामुळे बदलावा लागला आणि पोलीस आणावे लागले. पण संवादांच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या, मांडवामांडवांतून कर्ण्यांवर वाजल्या, आणि चित्रपट न पाहिलेली पोरेदेखील गब्बरचे हसणे हसू लागली. तपासणी पडद्याची झाली होती. कर्ण्याला कोण तपासणार?

दूरदर्शन दिल्लीत १९५९ पासून होते, परंतु ते घरोघर पोहोचले १९८२ च्या आशियाई खेळांनंतर. आमचे शालेय वय त्या काळातले. रविवारी दुपारी कधी काळी मराठी चित्रपट लागला तर चार कुटुंबे एका खोलीत दाटीने बसत. नको तो प्रसंग आला की कोणाला तरी पाणी हवे असे आणि ते आणायला मुलांनाच उठवले जाई. या पद्धतीची चेष्टा करावी तेवढी थोडी. पण मूल काय पाहते हे खोलीतल्या दहा माणसांना ठाऊक असे.

मग व्हिडिओ आला. मंडळाच्या १९८५ च्या इतिवृत्तात एक नोंद आहे : गणेशोत्सवात एका रात्रीसाठी रंगीत संच व व्हीसीआर भाड्याने आणावा, आणि कॅसेटी आधी दोन ज्येष्ठ सभासदांनी पाहून घ्याव्यात. त्या ज्येष्ठांनी हे कर्तव्य किती तत्परतेने पार पाडले याविषयीची आख्यायिका मंडळात अद्याप सांगितली जाते. इतिवृत्तात मात्र ती नाही. याच सुमारास, १ जून १९८३ पासून, कायद्यात ‘यूए’ हे प्रमाणपत्र आले : बारा वर्षांखालील मुलास हा चित्रपट दाखवावा किंवा कसे, याचा विचार पालकांनी करावा. आमच्या समजुतीप्रमाणे या साऱ्या इतिहासातील हे सर्वांत महत्त्वाचे वाक्य आहे. डोअरकीपरचे काम त्या दिवशी आईबापांकडे सोपवले गेले. बदलीचा हुकूम निघाला, पण कार्यभार कोणी रीतसर सोपवला नाही आणि कोणी स्वीकारल्याची सहीही केली नाही.

त्यानंतरचे सर्वांना ठाऊक आहे, म्हणून भराभर सांगतो. १९९१ मध्ये उपग्रहवाहिन्या आल्या, गल्लीतल्या केबलवाल्याने रात्री काय लावावे यावर कोणाचाच ताबा राहिला नाही. १९९३ मध्ये ‘खलनायक’मधील एका गाण्यावरून दिल्लीच्या न्यायालयात दावा झाला आणि तो फेटाळला गेला, तोवर ते गाणे बालवाडीपर्यंत पोहोचले होते. १९९५ मध्ये केबलचा कायदा झाला. मुंबईच्या प्रा. प्रतिभा नैथानी यांनी चिकाटीने मुंबई उच्च न्यायालयात लढा दिला, आणि २००५-०६ मध्ये प्रौढांसाठीचे चित्रपट दूरचित्रवाणीवरून दाखवण्यास आळा बसला. एका प्राध्यापिकेने पदरमोड करून न्यायालयात जावे लागले तेव्हा कोठे आधीच असलेला नियम चालू झाला. पुढे मोबाईल आला. २०१५ च्या जुलैअखेरीस सरकारने ८५७ संकेतस्थळे बंद करण्याचा आदेश काढला आणि चारच दिवसांत तो सैल केला. २०२० मध्ये महामारीने शाळा बंद झाल्या आणि ज्या यंत्रापासून मुलांना दूर ठेवीत होतो, ते आपणच त्यांच्या हाती दिले. अभ्यास तेथेच होता. २०२१ च्या नियमांनी इंटरनेटवरील चित्रपट-मालिकांना वयाचे वर्ग आणि पालकांसाठी कुलूप लावण्याची सोय आणली. २०२३ च्या दुरुस्तीने ‘यूए’चे सात, तेरा आणि सोळा असे तीन टप्पे केले. कुलूप उघडून देण्यास घरात सर्वांत उपयोगी पडतो तो तेरा वर्षांचा मुलगाच, हा भाग निराळा.

हा सारा इतिहास दारांचा आणि कुलपांचा आहे. आम्हांस मात्र वाचता वाचता वारंवार कर्व्यांचे मासिक आठवत राहिले. त्यांच्यावरील खटल्यात नुकसान कोणाचे झाले? शरीराविषयी सभ्यपणे बोलण्याची एक मराठी भाषा घडत होती, ती घडणे खुंटले. आज शरीराविषयी आपल्याकडे दोन प्रकारचे शब्द आहेत : वैद्यकाच्या पुस्तकातले संस्कृत शब्द आणि शिव्यांतले शब्द. मधला प्रदेश ओसाड आहे. महाराष्ट्रात राहणाऱ्या मुलाला निदान शाळा, मित्र, थोरली चुलत भावंडे यांच्याकडून काही कानावर पडते. आपल्या मुलांची मराठी ही जेवणाखाण्याची, सणावारांची आणि आजीला फोनवर नमस्कार सांगण्याची मराठी. पडद्यावर जे भलते दिसते ते हिंदीत किंवा इंग्रजीत दिसते, आणि त्याविषयी जे कळते तेही त्याच भाषेत. सुटीत दोन महिने राहायला आलेली आजी शेजारी बसलेली असते, पण तिला ती भाषा आणि ते विनोद कळत नाहीत. मुलाला हे पक्के ठाऊक असते. आईवडील दोघे कचेरीत. मूल विचारणार कोणाला आणि कोणत्या शब्दांत?

हा प्रश्न केवळ संकोचाचा नाही. २०१२ मध्ये लैंगिक अत्याचारांपासून बालकांचे संरक्षण करणारा कायदा झाला. त्यात अशी तरतूद आहे की, मुलाने दिलेली माहिती त्याला समजेल अशा सोप्या भाषेत नोंदवावी, आणि भाषेची अडचण असल्यास दुभाषी द्यावा. आम्ही ते कलम वाचले तेव्हा थोडा वेळ पुढे वाचवेना. पोलीस ठाण्यात दुभाषी मिळण्याची व्यवस्था कायद्याने केली. पण त्याआधी मुलाने घरी आईला काही सांगायचे तर त्या दोघांमध्ये दुभाषी कोण? जे आपल्याशी घडले ते वाईट होते, एवढे सांगण्यापुरते तरी शब्द त्याच्याजवळ हवेत, आणि ते ऐकताना आईच्या चेहऱ्यावर त्या शब्दांचीच शिसारी येऊ नये.

‘जलदीप’ काढणारी बाल चित्रपट संस्था आता स्वतंत्र राहिलेली नाही. मार्च २०२२ मध्ये ती राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. वृत्तपत्रांतून तिच्याविषयी फारसे कोणी हळहळल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

मंडळाचा रविवारचा मराठी वर्ग गेली अनेक वर्षे चालू आहे आणि कार्यकारिणीच्या कृपेने त्याचा अभ्यासक्रम आम्हांस पाहावयास मिळाला. बाराखडी, शिवचरित्र, संतांच्या गोष्टी, सणांची माहिती, नात्यांची नावे, फळेफुले, किल्ले असे एकंदर अठरा धडे आहेत. शरीराच्या अवयवांचा धडा सहावा. त्यात डोके, डोळे, कान, नाक, हात, पोट, गुडघे आणि पाय एवढेच अवयव आहेत. येत्या वर्षी अभ्यासक्रमाची फेररचना व्हायची आहे आणि त्या समितीत दोन डॉक्टर भगिनी व एक निवृत्त शिक्षक आहेत. सहाव्या धड्याचा मसुदा त्यांच्याकडे गेलेला आहे.